विश्लेषण : सर्व्हिस डॉग दिसला की लाड का करायचे नाहीत? काय करावं, काय टाळावं?

*परदेशात दुकानात, बसमध्ये किंवा विमानतळावर पट्टा घातलेला शांत कुत्रा दिसला की आपला हात आपसूक पुढे जातो. पण तेवढ्या दोन सेकंदांच्या लाडानं कुणाचा तरी जीव धोक्यात येऊ शकतो. अशा वेळी नेमकं कसं वागायचं? जाणून घेऊया.*

हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. सुट्टीत मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आईबाबा किराणा दुकानात बिलाच्या रांगेत उभे आहेत. त्यांच्या पुढे एक बाई. तिच्या डाव्या हातात एक ताठ दांडा आणि त्या दांड्याला जोडलेला पट्टा अंगावर घेऊन उभा असलेला एक लॅब्रॅडोर. चार वर्षांचा नातू "डॉगी!" म्हणत धावतो. आजी जीभ टाळ्याला लावून "च्च च्च, यू यू" करतात. आजोबांचा हात खिशातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. तेवढ्यात मागून मुलगा घाईघाईनं म्हणतो, "बाबा, नको! तो कामावर आहे."

आजी-आजोबांना जरा ओशाळल्यासारखं होतं. मुक्या जनावराला बिस्किट देण्यात कसली आली चूक? आपल्याकडे तर चहाच्या टपरीवर उभं राहून भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालणं हे पुण्याचं काम मानलं जातं.

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजण्यासाठी आधी तो कुत्रा तिथे नेमकं काय करतोय, हे पाहावं लागेल.

सर्व्हिस डॉग म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत दिव्यांगांच्या हक्कांसाठी १९९० मध्ये 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट' म्हणजेच 'एडीए' हा कायदा झाला. या कायद्याच्या नियमांनुसार, दिव्यांग व्यक्तीसाठी ठराविक काम करण्याचं खास प्रशिक्षण दिलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. इथे 'काम' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता सोबतीला असणारा, लळा लावणारा कुत्रा यात बसत नाही.

ही कामं अनेक प्रकारची असतात. दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवणारा गाइड डॉग सगळ्यांना माहीत असतो. पण कर्णबधिर व्यक्तीला दाराची बेल किंवा आगीचा भोंगा वाजल्याचं पायाला स्पर्श करून सांगणारे कुत्रे असतात. व्हीलचेअरवरच्या व्यक्तीच्या हातून पडलेली किल्ली उचलून देणारे, दिव्याचं बटण दाबणारे कुत्रे असतात. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातली साखर घसरली की शरीराचा वास बदलतो, तो ओळखून इशारा देणारे असतात. फिट आल्यावर शेजारी थांबून राहणारे किंवा मदतीसाठी कुणाला तरी गाठणारे असतात. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना मानसिक धक्क्याच्या झटक्यातून बाहेर काढणारेही असतात.

म्हणजेच एखादी व्यक्ती धडधाकट दिसते, डोळसपणे फोन बघतेय आणि सोबत सर्व्हिस डॉग आहे, यात काहीच संशयास्पद नाही. प्रत्येक दिव्यांगत्व डोळ्यांना दिसतंच असं नाही.

याची सुरुवात कशी झाली?

पहिल्या महायुद्धात अनेक जर्मन सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी कुत्र्यांना पद्धतशीर शिकवायला जर्मनीत सुरुवात झाली. तिथलं काम पाहून भारावलेल्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन महिलेनं १९२७ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. तो टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमधल्या मॉरिस फ्रँक या दृष्टिहीन तरुणाच्या कानावर पडला. बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना प्रशिक्षण देत होत्या. फ्रँक थेट तिथे गेला आणि 'बडी' नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन १९२८ मध्ये न्यूयॉर्कला परतला.

बंदरावर पत्रकार जमले होते. त्यांच्यासमोर फ्रँकनं बडीच्या भरवशावर गाड्यांनी भरलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवला आणि युस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली : 'यश'. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, दोघांनी 'द सीइंग आय' ही संस्था काढली. आज ही संस्था न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन इथे आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनपासून हे गाव गाडीनं तासाभराच्या आत येतं. मॉरिसटाउनच्या मधल्या चौकात फ्रँक आणि बडीचा पुतळा आहे. प्रशिक्षणातले कुत्रे गावातल्या रस्त्यांवर रोजचा सराव करताना दिसतात. त्यामुळे त्या भागात राहायला गेलेल्या आईबाबांची एखाद्या गाइड डॉगशी गाठ पडणं अजिबात अवघड नाही.

हात लावला तर बिघडतं काय?

गाइड डॉगबद्दल एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, कुत्रा माणसाला घेऊन जातो. प्रत्यक्षात रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. कुठे वळायचं, कोणत्या कोपऱ्यावर थांबायचं, हे माणूस सांगतो. सिग्नल कधी बदलला, हेही वाहनांच्या आवाजावरून माणूसच ठरवतो. कुत्रा सिग्नलचे दिवे वाचत नाही. कुत्र्याचं काम त्या वाटेवरचे अडथळे टाळायचं असतं. खड्डा, पायरी, फूटपाथवर लावलेली सायकल आणि कुत्र्याला स्वतःला न लागणारी पण माणसाच्या कपाळावर आपटेल अशी झाडाची फांदीसुद्धा.

त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे हुकूम मोडणं. माणूस "पुढे चल" म्हणाला, पण समोरून आवाज न करणारी इलेक्ट्रिक गाडी येतेय, तर कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. कधी ऐकायचं आणि कधी ऐकायचं नाही, हे त्याला शिकवलेलं असतं.

आता याच क्षणी कुणी "च्च च्च" केलं तर? इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर ही यंत्रणा सतत 'लाइव्ह' असते. तिला पॉज बटण नाही. कुत्र्याची मान आपल्याकडे वळली, तेवढ्यात पायरी चुकली, तर पडणारी व्यक्ती तोंडावर आपटते. मधुमेही व्यक्तीचा कुत्रा अनोळखी हातांचे लाड करून घेण्यात रमला आणि साखर घसरल्याचा इशारा राहून गेला, तर ती व्यक्ती बेशुद्ध पडू शकते.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. अनोळखी माणसं लाड करतात, खाऊ देतात, हे कुत्र्याच्या एकदा लक्षात आलं की तो गर्दीत माणसांकडे पाहू लागतो. असा कुत्रा तयार करायला फार मेहनत लागते. पिल्लू साधारण वर्षभर स्वयंसेवक कुटुंबात वाढतं, मग काही महिने प्रशिक्षकाकडे शिकतं आणि त्यानंतर ज्याच्यासोबत राहायचं त्या व्यक्तीबरोबर त्याची जोडी जमवली जाते. इतक्या मेहनतीनं लागलेली शिस्त आपल्या बिस्किटानं ढिली होते.

मग वागायचं कसं?

नियम फार थोडे आहेत आणि सगळ्यांचा गाभा एकच : कुत्र्याकडे नाही, माणसाकडे बघा.

* हात लावू नका, हाक मारू नका. शीळ, टाळी, चुटकी, "यू यू" यातलं काहीच नको. डोळ्यांत डोळे घालून हसणंही नको. कुत्रा तिथे नाहीच, असं समजून चालणं हीच त्याला मोठी मदत.
* खायला देऊ नका. त्याची खाण्याची वेळ आणि प्रमाण ठरलेलं असतं. शिवाय आपल्या पिशवीतल्या लाडू-चिवड्यात बेदाणे किंवा कांदा असेल, तर ते कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतं.
* बोलायचं ते माणसाशी. "किती गोड आहे हा!" असं कुत्र्याला उद्देशून म्हणण्यापेक्षा माणसाला आधी "नमस्कार" म्हणा. अनेकांचा अनुभव असा की, दिवसभर लोक त्यांच्या कुत्र्याशी बोलतात आणि त्यांच्याशी कुणीच बोलत नाही.
* मदत हवी का, ते विचारा. "नको, धन्यवाद" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. विचारल्याशिवाय दंड धरून रस्ता ओलांडून देऊ नका. कुत्र्याचा पट्टा किंवा दांडा तर कधीच पकडू नका. ते चालत्या गाडीचं स्टिअरिंग दुसऱ्यानं ओढण्यासारखं आहे.
* मदत मागितली तर बाजू पाहा. गाइड डॉग सहसा डाव्या हाताला असतो. त्यामुळे उजवीकडून जा, आपला हात पुढे करा आणि त्यांना तो धरू द्या.
* "तुम्हाला काय झालंय?" हा प्रश्न नको. रांगेत ओळख झालेल्या माणसाला आपण त्याचे रक्ताचे रिपोर्ट विचारत नाही. हाही तसाच प्रश्न आहे.
* न विचारता फोटो, रील नको. कुत्रा कितीही देखणा असला तरी त्या फोटोत एक व्यक्तीही आहे आणि तिला कदाचित तुम्ही फोटो काढलेला कळणारही नाही.
* तुमचा पाळीव कुत्रा सोबत असेल तर त्याला जवळ ओढून घ्या. "माझा काही करत नाही हो" हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.
* गाडी चालवत असाल तर हॉर्न वाजवू नका आणि "जा, जा" असं ओरडू नका. ती व्यक्ती वाहनांच्या आवाजावर अंदाज बांधत असते. झेब्रा क्रॉसिंगच्या मागे गाडी थांबवून वाट पाहा.

आणि समजा पट्टा घातलेला कुत्रा एकटाच तुमच्याजवळ आला, सारखा तुमच्याकडे बघत मागे वळू लागला, तर त्याला हाकलू नका. सोबतची व्यक्ती अडचणीत असू शकते. त्याच्या मागे जाऊन पाहा आणि गरज असेल तर आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

मुलांना कसं समजवायचं?

"चावेल हं!" असं सांगून मुलांना दूर ओढणं सोपं वाटतं, पण ते खोटं आहे आणि त्यानं मुलाच्या मनात कुत्र्याची भीती बसते. त्याऐवजी "तो आत्ता ड्यूटीवर आहे. ट्रॅफिक पोलीस काकांना आपण मधेच गुदगुल्या करतो का?" एवढं सांगितलं तरी चार वर्षांच्या मुलाला कळतं. मोठ्यांपेक्षा लवकर कळतं, असंच बहुतेकदा दिसतं.

घरी गेल्यावर, पट्टा काढल्यावर हे कुत्रे इतर कुत्र्यांसारखेच खेळतात, लोळतात, लाड करून घेतात. 'बिचाऱ्याला काही सुखच नाही' अशी हळहळ करायची गरज नाही.

कुत्र्याची भीती वाटते किंवा अ‍ॅलर्जी आहे, त्यांचं काय?

भीती वाटणं हा गुन्हा नाही. आपल्यापैकी अनेकांना लहानपणी गल्लीतल्या कुत्र्यानं पळवलेलं असतं. तुम्ही शांतपणे दुसऱ्या रांगेत जाऊ शकता, हॉटेलात लांबचं टेबल मागू शकता, विमानात कर्मचाऱ्यांना जागा बदलून देण्याची विनंती करू शकता. पण "याला बाहेर काढा" असं म्हणता येत नाही. एडीएनुसार इतर ग्राहकांची भीती किंवा अ‍ॅलर्जी हे सर्व्हिस डॉगला प्रवेश नाकारण्याचं कारण ठरत नाही. दोघांनाही सेवा मिळेल, अशी सोय दुकानदारानं करायची असते.

परदेशातल्या मराठी मंडळांसाठीही हा मुद्दा कामाचा आहे. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला एखादे सभासद सर्व्हिस डॉग घेऊन येणार असतील, तर त्यांनाच आधी फोन करून काय सोय हवी ते विचारावं. ढोल-ताशापासून लांबची, भिंतीलगतची जागा, खाली सांडलेला प्रसाद लगेच उचलणं आणि माइकवरून "कृपया कुत्र्याला हात लावू नका" अशी एक सूचना. एवढ्यानं काम होतं. मंदिरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत धार्मिक संस्थांना एडीएची ही सक्ती लागू होत नाही. त्यामुळे तिथला निर्णय विश्वस्तांचा असतो आणि म्हणूनच तो कुणी दारात येऊन उभं राहण्याआधी घेतलेला बरा.

कायदा काय सांगतो?

परदेशात दुकान, मोटेल किंवा टॅक्सी चालवणाऱ्या भारतीयांसाठी हा भाग महत्त्वाचा. अमेरिकेत सर्व्हिस डॉग घेऊन आलेल्या व्यक्तीला कर्मचारी फक्त दोन प्रश्न विचारू शकतात, तेही कुत्र्याचं काम उघड दिसत नसेल तरच. एक, दिव्यांगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग आहे का? दोन, त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता, असं विचारता येत नाही. कागदपत्रं मागता येत नाहीत. 'करून दाखवा' असंही म्हणता येत नाही. कुत्र्याच्या अंगावर जॅकेट असलंच पाहिजे, अशी अट नाही.

मात्र कुत्रा आवरत नसेल आणि सोबतची व्यक्ती त्याला आवरत नसेल किंवा त्यानं आत घाण केली, तर कुत्र्याला बाहेर न्यायला सांगता येतं. त्या व्यक्तीला कुत्र्याविना सेवा देण्याची तयारी तेव्हाही दाखवावी लागते.

'इमोशनल सपोर्ट' म्हणून पाळलेल्या प्राण्यांना एडीएखाली हा हक्क नाही. विमानप्रवासासाठीही अमेरिकेनं जानेवारी २०२१ पासून नियम कडक केले. आता विमान कंपन्यांवर अशा प्राण्यांना सर्व्हिस अ‍ॅनिमल मानण्याचं बंधन नाही आणि सर्व्हिस डॉगसाठी त्या ठराविक फॉर्म भरून मागू शकतात. ऑनलाइन मिळणारी जॅकेटं घालून घरचा कुत्रा मिरवणारे लोकही आहेत. त्याचा फटका खऱ्या गरजूंना बसतो, कारण पुढच्या प्रत्येक वेळी संशयाची नजर त्यांच्यावर पडते. पण खरं-खोटं तपासण्याची जबाबदारी रांगेतल्या आपली नाही.

ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या टॅक्सीचालकांना असिस्टन्स डॉग नाकारता येत नाही आणि त्याचे जादा पैसेही घेता येत नाहीत. चालकाला वैद्यकीय कारण असेल तर त्यासाठी आधी अधिकृत सवलतपत्र घ्यावं लागतं.

नियम असूनही नकार मिळतातच. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या एका दृष्टिहीन महिलेला गाइड डॉग सोबत असल्यामुळे उबरच्या चालकांनी १४ वेळा नकार दिला किंवा त्रास दिला. २०२१ मध्ये लवादानं तिला नुकसानभरपाई आणि कायदेशीर खर्च मिळून ११ लाख डॉलर देण्याचा आदेश उबरला दिला. आकडा मोठा आहे. पण त्यामागे १४ वेळा पत्ता टाकून, गाडीची वाट पाहून रस्त्यावर थांबलेली एक बाई आहे.

थेरपी डॉग वेगळा का?

मुंबई विमानतळावर प्रवाशांचा ताण हलका व्हावा म्हणून थेरपी डॉगचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे व्हिडीओ बरेच फिरले. तिथे कुत्र्याला कुरवाळणं हाच उद्देश असतो. त्याच विमानतळावर सीआयएसएफचे स्फोटकं शोधणारे श्वानही असतात. त्यांच्या वाटेत येणं चालत नाही. म्हणून साधा नियम लक्षात ठेवा : सोबतच्या माणसानं स्वतःहून "या, हात लावा" म्हटलं तर ठीक. नाहीतर लांबूनच कौतुक.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे गाइड डॉग फार क्वचित दिसतो. तुटके फूटपाथ, त्यावरचे विक्रेते आणि दुचाकी, गल्लोगल्ली भटकी कुत्री, उन्हाळ्यात तापलेलं डांबर आणि हॉटेल-रिक्षात 'कुत्रा चालणार नाही' हे ठरलेलं उत्तर. प्रशिक्षित कुत्रा मिळाला तरी त्याला घेऊन फिरायचं कुठे, हा प्रश्न उरतो.

भारतानं दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मान्य केला. या करारात दिव्यांगांना साधनांबरोबरच सजीव मदत मिळावी, असंही म्हटलं आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा भेदभावाला मनाई करतो आणि दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं वावरता यावं म्हणून आवश्यक ते बदल करून द्यायला सांगतो. पण अमेरिकेसारखा सर्व्हिस डॉगचा स्वतंत्र, स्पष्ट नियम त्यात नाही. विमानानं जायचं असेल तर प्रत्येक कंपनीचे नियम आधी वाचून, वेळेत कळवणं उत्तम.

म्हणजे ही सगळी माहिती फक्त परदेशवारीपुरती आहे का? तसं नाही. दादरच्या पुलावर पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला आपण काय करतो, ते आठवून पाहा. न विचारता दंड धरतो. काठीचं टोक उचलून त्याला ओढत नेतो. "इकडे, इकडे" असं चार जण चार बाजूंनी ओरडतो. मेट्रो स्टेशनवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या दृष्टिहीनांना पायानं वाट कळावी म्हणून बसवल्या आहेत. त्यांच्यावर आपण बॅगा ठेवतो आणि मोबाइल बघत उभे राहतो. रस्त्यावरच्या फरश्यांवर तर सर्रास स्कूटर लावलेली असते.

काठी असो, पिवळी फरशी असो किंवा कुत्रा, हे त्या व्यक्तीचे डोळे-कान आहेत. आणि अनोळखी माणसाच्या डोळ्यांना आपण हात लावत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी दादरच्या पुलावर काठी दिसली किंवा न्यू जर्सीतल्या रांगेत पट्टा घातलेला लॅब्रॅडोर दिसला, तर हात खिशात ठेवा आणि त्या माणसाला एकदा विचारा, "काही मदत हवी आहे का?" नको म्हणाले, तर बाजूला होऊन वाट मोकळी करून द्या. बहुतेक वेळा त्यांना तेवढीच मदत हवी असते.